‘श्वास’ आणि रुग्णालयाच्या खेपा

सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक १९५४ साली आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले. त्यानंतर तो सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान मराठी चित्रपटाच्या वाट्याला यावयास अर्धशतक लोटले. २००४ साली संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ने तो मिळवला आणि त्याच वर्षी ऑस्कर पारितोषिकासाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणूनही त्याची निवड झाली. या दोन कृतींमध्ये एक चमत्कारिक उलट नाते आहे. पहिलीत आई अंथरुणाला खिळलेली आहे आणि मूल दूर आहे. दुसरीत मूल आजारी आहे आणि आई दूर, गावी राहिलेली आहे. ‘श्वास’चे परीक्षण करणाऱ्यांनी आजोबा व नातू यांच्या नात्याविषयी पुष्कळ लिहिले, ‘हृदयस्पर्शी’ या विशेषणाचा मुक्तहस्ते वापर केला. परंतु गावी राहिलेल्या त्या घराचे काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. आजारी मुलाचे आयुष्य ज्या घरात जावयाचे असते, ते घर या चित्रपटाच्या चौकटीबाहेर का राहिले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटाचे कथानक सर्वपरिचित आहे. कोकणातील लहानग्या परशुरामाला त्याचे आजोबा पुण्यास डॉक्टर साने यांच्याकडे आणतात. मुलाच्या दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिपटलास कर्करोग झालेला आहे. जीव वाचवावयाचा तर डोळे काढावे लागतील. हे मुलाला सांगावे की नाही, सांगावे तर कोणी, आणि कोणत्या शब्दांत, या पेचाभोवती चित्रपट उभा आहे. शस्त्रक्रिया लांबणीवर पडते. आजोबा कोणासही न सांगता नातवाला घेऊन रुग्णालयातून निघून जातात, डोळे आहेत तोवर त्याला शहर दाखवतात आणि परत आणतात. शेवटी काळा चष्मा लावलेला मुलगा होडीतून गावाकडे परततो. अरुण नलावडे आणि अश्विन चितळे यांच्या अभिनयातील संयम आजही डोळ्यांत भरतो. बाकावर बसून राहणे, नाव पुकारले जाण्याची वाट पाहणे, डॉक्टरांच्या अर्ध्या वाक्याचा अर्थ लावीत राहणे, या गोष्टी मराठी पडद्यावर इतक्या सच्चेपणाने क्वचितच आल्या असतील.

तथापि, या चित्रपटाचा काळ निर्णयाचा काळ आहे. पूर्वी आणि नंतर असे आयुष्याचे दोन भाग पाडणारा एक क्षण मधोमध ठेवलेला असून सारी रचना त्याच्याकडे धावते. याउलट नियमित उपचाराचा काळ फिरून फिरून येणारा असतो. त्याला मराठीत नेमका शब्द आहे : खेप. रुग्णालयाच्या खेपा घालणाऱ्या कुटुंबाला निर्णय एकदाच घ्यावा लागतो, खेप मात्र प्रत्येक वेळी नव्याने करावी लागते. थॅलेसेमियाच्या तीव्र प्रकाराने पीडित मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. तीन आठवड्यांचे अंतर धरले तर वर्षाला सतरा खेपा आणि दहा वर्षांत पावणेदोनशेच्या घरात संख्या जाते. लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग पुष्कळदा बरा होतो, पण त्याचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात : आरंभीचे काही महिने कडक, पुढे घरी रोजच्या गोळ्या आणि ठरावीक दिवसांनी रुग्णालय. अशा काळाला कळसबिंदू नसतो. एकशे चाळिसावी खेप एकशे एकेचाळिसावीपेक्षा नाट्यमय नसते.

‘श्वास’मध्ये या दुसऱ्या काळाचा स्पर्श एकाच ठिकाणी होतो. शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, तेथे. मनाची बांधाबांध करून आलेल्या आजोबांना कळते की आपला दिवस आपला नाही. तो रुग्णालयाच्या सोयीने उजाडतो आणि मावळतो. नियमित उपचार घेणाऱ्या प्रत्येक घराचा हा रोजचा अनुभव आहे. रक्तपेशींची संख्या कमी भरली म्हणून औषध आठवडाभर लांबले, खाट रिकामी नाही म्हणून उद्या या, असे निरोप तेथे नित्याचे असतात. पण चित्रपट त्या लांबणीचा उपयोग पलायनाच्या प्रसंगासाठी निमित्त म्हणून करतो. तो प्रसंग सुंदर आहे, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की ज्या दाराशी दिग्दर्शक उभा होता ते दार त्याने उघडले नाही. खेपा घालणाऱ्या माणसाला पळून जाता येत नाही. गेला तरी पुढच्या तारखेस त्याला परत यावे लागते.

हे अंतर केवळ कल्पनेने समजत नाही, त्यासाठी भूगोल डोळ्यांसमोर हवा. कोकणातून पुण्यास ‘श्वास’मधील कुटुंब एकदा येते, म्हणून ते अंतर चित्रपटात दृश्य होऊन राहते. तेच अंतर दर पंधरवड्यास कापावे लागले तर काय होते, हे पाहण्यास माथेरान हे उदाहरण उपयोगी पडेल. मराठी वाचकाच्या मनातील माथेरान हे प्रकृती सुधारण्याचे ठिकाण आहे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट डोंगर चढून गेले, मुंबईच्या उष्म्यास त्रासलेल्यांनी आणि दुखण्यातून उठलेल्यांनी तेथे हवा खाल्ली, १९०७ साली नेरळहून छोटी आगगाडी वर गेली. मुंबईची माणसे बरे वाटावे म्हणून ज्या डोंगरावर चढतात, त्याच डोंगरावर जन्मलेले मूल दीर्घ आजारी पडले तर त्याला मात्र बरे होण्यासाठी मुंबईस उतरावे लागते. या उलट्या वाटेची दखल साहित्याने फारशी घेतलेली नाही.

२०११ च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या साडेचार हजारांच्याही आत होती. दस्तुरीच्या पुढे मोटारगाडीस मज्जाव, अपवाद रुग्णवाहिकेचा. आजारी मुलाला नेहमीच्या तपासणीस न्यावयाचे म्हणजे पहाटे उठून बाजारपेठेतून दस्तुरीपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर लाल मातीतून पायी, घोड्यावर, अमन लॉजच्या गाडीने किंवा २०२२ च्या अखेरीस प्रायोगिक रीतीने सुरू झालेल्या ई-रिक्षाने जावयाचे; मग घाट उतरून नेरळ, आणि तेथून लोकलने परळच्या दिशेने सुमारे दोन तास. परळला १९२९ पासून लहान मुलांचे वाडिया रुग्णालय आहे, १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय आहे. लोकलमध्ये अपंगांसाठी राखीव डब्यात कर्करुग्णासही बसता येते. ती सवलत लहान नाही. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज ही गाडी दर वर्षी बंद असते, आणि २०१९ च्या अतिवृष्टीने उखडलेला तो मार्ग २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत बंदच होता. कर्करोगावरील औषधे घेणाऱ्या मुलाला ताप आला तर उद्यापर्यंत थांबून चालत नाही, कारण त्याच्या रक्तातील प्रतिकारशक्ती औषधांनीच खाली आणलेली असते. जुलैतल्या रात्री, धुक्यात, तापमापकावरचा आकडा पाहून उतरावयाचे की उजाडण्याची वाट पाहावयाची, हे ठरवणाऱ्या आईबापांपुढचा पेच ‘श्वास’मधील आजोबांच्या पेचाहून कमी नाही. फरक इतकाच, की तो पुढच्या महिन्यात पुन्हा येऊ शकतो.

या खेपेची किंमतही घर दोनदा मोजते. माथेरानची कमाई हंगामावर. घोडेवाला, हमाल, हॉटेलातील वाढपी यांचे वर्षाचे गणित उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुटीवर बसलेले. हातरिक्षा ओढणाऱ्यांचेही तसेच होते, त्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिला. औषधाची तारीख हंगाम पाहून येत नाही. बाप मुलाबरोबर गेला तर दिवसाची मजुरी बुडते, पण घोड्याला चारा घालावाच लागतो. आई गेली तर धाकटे मूल शेजारी ठेवावे लागते. औषधोपचाराचे खर्च शासकीय योजनेतून किंवा धर्मादाय निधीतून भागले तरी बुडालेला दिवस कोणत्याही कागदावर येत नाही. मुक्काम पडला तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा तशीच एखादी जागा, आणि तेथे दुसऱ्या जिल्ह्यातून आलेली, सहा महिने आधीपासून राहिलेली एखादी बाई नव्या आईला कोणती खिडकी कधी उघडते हे सांगते. मराठी कादंबरीला हवे असलेले ‘समाजदर्शन’ त्या ओसरीवर आयतेच बसलेले असते.

याहून सूक्ष्म गोष्ट म्हणजे घरातील नात्यांची हळूहळू बदलणारी ठेवण. आजारी मुलाला रागवावे की नाही, याचा निर्णय कोणीही उघडपणे घेत नाही. रागावणे आपोआप थांबते. बाहेरचे खाणे बंद, पाणी उकळून, फळ सोलून, पाहुण्याने हात धुऊन आत यावयाचे, असे नियम एका मुलासाठी येतात आणि साऱ्या घराचे होतात. निरोगी भावंड प्रथम शहाण्यासारखे वागते, मग हट्ट करू लागते, मग आपल्यालाही ताप यावा असे त्याला वाटू लागते. आजी नवस बोलते आणि सून तो खर्चात धरते. या गोष्टींना कथानक नाही. त्या फक्त साचत जातात.

‘श्वास’मधील आजाराच्याच बाबतीत पाहिले तर हा मुद्दा अधिक ठळक होतो. दृष्टिपटलाचा हा कर्करोग बहुधा पाच वर्षांच्या आतील मुलांत आढळतो. आज वेळीच निदान झाले तर औषधांनी गाठ लहान करून लेसर किंवा शीतोपचाराने डोळा वाचवण्याचा प्रयत्न होतो, आणि त्यासाठी मुलाला भूल देऊन पुन्हा पुन्हा तपासावे लागते. वर्षानुवर्षे खेपा. शिवाय दोन्ही डोळ्यांत उद्भवणारा हा रोग आनुवंशिक असतो. म्हणून भावंडांचेही डोळे तपासावे लागतात आणि त्या मुलावर पुढे मोठेपणीही नजर ठेवावी लागते. म्हणजे वैद्यकाच्या दृष्टीने पाहिले तर गावी राहिलेले घर या कथेबाहेर नव्हतेच. ते तिच्या केंद्रस्थानी होते. शेवटी काठाला लागणारी होडी काही आठवड्यांनी पुन्हा उलट जावयास हवी. चित्रपट नेमका तेथे संपतो.

कलाकृतीने जे योजिलेच नाही त्याची तिच्याकडे मागणी करणे अन्यायाचे नाही काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि त्यात तथ्य आहे. ‘श्वास’चे मूळ एका कथेत आहे. ना. सी. फडके यांनी ज्या तंत्राचा पुरस्कार केला त्यात एका परिणामाकडे नेणारी घट्ट बांधणी हे कथेचे बळ मानले जाई. नवकथेने ती बांधणी सैल केली, व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसे’मध्ये तर माणूस असणे हीच गोष्ट पुरेशी ठरली, परंतु आजार हा विषय आला की मराठी कथा आणि तिच्यामागून चित्रपट पुन्हा निर्णायक क्षणाच्या आश्रयास जातात. मृत्यू किंवा शस्त्रक्रिया यांच्या उजेडात दुखणे चटकन दिसते, हे त्याचे सोपे कारण. मर्यादा असेल तर ती सावंतांची नव्हे, त्यांनी वारशाने घेतलेल्या घाटाची आहे.

आणि पर्यायी घाट मराठीस अपरिचित आहे असेही नाही. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ बेचाळीस रात्रींत सांगितली गेली आहे. रोज सायंप्रार्थनेनंतर तीच माणसे तेथेच जमतात, काल थांबले तेथून पुढे सरकतात. अखेरच्या काही रात्रींत आईचे आजारपण वाढत जाते आणि श्रोत्यांना ते एका घावात मिळत नाही. पारितोषिकाच्या यादीत ‘श्वास’च्या आधी जे नाव आहे, त्याच्याच पुस्तकात पुनरावृत्तीची ही रचना होती, हा योगायोग लक्षणीय आहे. जात्यावरच्या ओवीचाही स्वभाव हाच. रोज तेच दळण, तीच चाल, आणि तिच्यात दर वेळी घरातला एखादा निराळा काळजीचा तपशील. बायकांनी मुलांच्या दुखण्याविषयी बोलण्यास हे माध्यम पिढ्यानुपिढ्या वापरले. लिखित गद्याने त्याची पुरती दखल घेतलेली नाही.

अशा घराचा लिखित दस्तऐवज मात्र तयार होतच असतो. एक असतो रुग्णालयाचा कागद : प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पावसातून नेला जाणारा, इंग्रजीत लिहिलेला, तारखा, वजन, रक्तपेशींचे आकडे आणि सही एवढाच मजकूर असलेला. दुसरा स्वयंपाकघराच्या भिंतीवर लटकतो. १९७३ पासून घरोघर गेलेल्या ‘कालनिर्णय’च्या पानावर चतुर्थी आणि एकादशीच्या शेजारी, दुधाच्या खाड्याच्या आणि गॅसच्या तारखेच्या मध्ये, पेनने गोल केलेला एक दिवस असतो, पुढच्या पानावर आणखी एक, आणि डिसेंबर आला की नवे कॅलेंडर घरात येताच पहिल्याप्रथम त्या गोलांची नक्कल करून घेतली जाते.