मखराची जाळी : करवतीची आणि किरणाची

महाराष्ट्र शासनाने २०१८ साली थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी घातली, तेव्हापासून चतुर्थीच्या बाजाराचे रूप पालटले. पांढऱ्याशुभ्र, वजनाला फुलासारख्या आणि विसर्जनानंतर ओढ्यानाल्यांत तरंगत राहणाऱ्या त्या महिरपींची जागा जाळीदार लाकडी मखरांनी घेतली. लाकडी हा शब्द आम्ही बाजाराच्या बोलीप्रमाणे वापरीत आहोत. त्यांपैकी पुष्कळशी मखरे लाकडाचा भुसा राळेत दाबून केलेल्या फळ्यांची, म्हणजे एमडीएफची असतात. पाचसहा तुकडे, खाचेत खाच बसविली की मखर उभे, उत्सव संपला की पेटीत आडवे. गोमंतकातील चवथीसही ती घरोघर दिसू लागली आहेत, आणि नवरात्रातील देवळांच्या मखरांसाठीदेखील 'जाळीचे तक्ते तयार मिळतात, मेस्ताकडे कशाला जावे' हा युक्तिवाद महाजनांच्या तोंडी येऊ लागला आहे. या युक्तिवादाचा विचार करण्यापूर्वी जाळीकाम ही कला काय आहे, तिचे बरेवाईट कशावरून ठरवावयाचे, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. आमच्याकडे देवळांच्या शिल्पाविषयी लिहिले जाते, मूर्तींविषयी तर विपुल लिहिले जाते. परंतु ज्या लाकडी चौकटीत मूर्ती बसते तिच्याविषयी 'किती नाजूक काम!' यापलीकडे सहसा कोणी जात नाही. नाजूकपणा हा या कलेचा गुण आहे खरा, पण तो तिचा निकष नव्हे.

जाळीकामाचा पहिला नियम चित्रकाराला ठाऊक असण्याचे कारण नाही. कागदावर तो मोर काढतो आणि मोरापासून चार बोटांवर फूल काढतो. कागद दोघांनाही धरून ठेवतो. फळीत तसे होत नाही. जो भाग कापून काढावयाचा तो गेला, की उरलेला प्रत्येक भाग दुसऱ्या कोणत्या तरी भागाला चिकटलेला असला पाहिजे. नाही तर तो खाली पडतो. म्हणून जाळीतल्या मोराने वेलीला चोच लावलीच पाहिजे, वेलीने कमानीला टेकलेच पाहिजे, आणि कमानीने चौकटीला. नक्षीतील हे दुवे जेथे आशयातूनच निघतात तेथे जाळी उत्तम. जेथे ते मागाहून ठिगळासारखे चिकटविलेले दिसतात तेथे ती हीन. अहमदाबादेस सिदी सय्यदच्या मशिदीत १५७२-७३ च्या सुमाराची जी प्रसिद्ध दगडी जाळी आहे, तिच्यात झाडाच्या फांद्या एकमेकींत गुंतत जातात आणि त्या गुंतण्यानेच दगड उभा राहतो. फांदी कोठे संपली आणि आधार कोठे सुरू झाला हे सांगता येत नाही. ग्वाल्हेरीस महंमद घौसाच्या कबरीभोवतीच्या जाळ्या पुष्कळ वाचकांनी पाहिल्या असतील. त्यांत झाड नाही, केवळ भूमिती आहे. तरी नियम तोच.

लाकडात याच्या जोडीला आणखी एक नियम येतो, आणि तो दगडाहून कडक आहे. लाकडाला रेषा असते. रेषेच्या दिशेने कापलेला बोटभर रुंदीचा देठ वर्षानुवर्षे टिकेल. तोच देठ रेषेला आडवा गेला की नखाने मोडेल. सागाच्या वा शिवणीच्या फळीवर नक्षी उतरविताना जाणता मेस्त आधी फळी फिरवून पाहतो आणि नक्षीतील लांब, कृश अवयव रेषेबरोबर धावतील अशी मांडणी करतो. ज्यांना आडवे जावेच लागते त्यांना तो जरा पुष्ट करतो, किंवा मध्येच एखादे पान टेकवितो. ते पान पाहणाऱ्याला शोभेचे वाटते. वस्तुतः ते खांबाचे काम करीत असते. आमच्या मते या कलेचे सारे मर्म या पानात आहे. प्लायवुडमध्ये पातळ थर एकमेकांस आडवे चिकटविलेले असल्यामुळे रेषेचा धाक निम्मा उरतो, आणि एमडीएफमध्ये तर रेषाच नसते. धाक गेला की शहाणपणही जाते की काय, हाच आमचा प्रश्न आहे.

हत्यार अगदी साधे. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची खोल चौकट, तिच्या दोन टोकांत ताणून बसविलेले सुमारे पाच इंचांचे, दोऱ्याइतके बारीक पाते. यालाच कारागीर फ्रेटसॉ म्हणतात. पात्याचे दात मुठीकडे, म्हणजे खाली, तोंड करून असतात. करवत खाली ओढताना कापते, वर जाताना नुसती सरकते. बाकाच्या कडेला इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेली फळी शिकंज्याने बसवावयाची, तिच्यावर काम ठेवावयाचे, आणि खाचेतून पाते खालीवर चालवावयाचे. पाते पुरेसे ताणले आहे की नाही हे बोटाने छेडून कळते. सैल पात्याचा आवाज बसका येतो. जाळीतील प्रत्येक घरासाठी आधी सामत्याने भोक पाडावे लागते, पात्याचे एक टोक सोडवून ते भोकातून ओवावे लागते, पुन्हा ताणावे लागते, आणि घर कापून झाले की पुन्हा सोडवावे लागते. दोनशे घरांची जाळी म्हणजे दोनशे वेळा ओवणे. आतील घरे आधी आणि बाहेरची कड शेवटी, कारण बाहेरची कड आधी कापली तर धरावयास काही उरत नाही.

आणि तीक्ष्ण कोपरा? तेथे नवशिक्या पाते वळवू पाहतो आणि ते तुटते. जाणता कारागीर कोपऱ्यावर पोचला की पुढे रेटणे थांबवितो. करवत जागच्या जागी खालीवर चालू ठेवतो आणि लाकूड हळूहळू फिरवितो. वळते ते लाकूड, करवत नव्हे. सांगितले की सोपे वाटते. हाताला ते अंगवळणी पडावयास पुष्कळ फळ्या वाया जातात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. यंत्र आले म्हणून कला गेली, असे रडगाणे आम्हांस गावयाचे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-अमेरिकेत पायाने चालणारी जाळीची यंत्रे घराघरांत शिरली. इंग्लंडात डेरेहॅम गावच्या हॉबीज कंपनीने १८९५ पासून या छंदासाठी एक साप्ताहिकच चालविले. साम्राज्याच्या काळात छावण्यांतील आणि थंड हवेच्या ठिकाणांतील बंगल्यांच्या वळचणींना लाकडी झालरी लागल्या त्या याच लाटेत. आज मिळणाऱ्या विजेच्या स्क्रोलसॉचे पाते मिनिटाला ४०० पासून १,८०० पर्यंत खेपा करते. परंतु लाकूड तरीही हातानेच फिरवावे लागते, भोकातून पाते तरीही हातानेच ओवावे लागते. वीज फक्त खांद्याचे श्रम वाचविते. त्यामुळे मोटारीवर केलेल्या जाळीला हस्तकला म्हणण्यास आमची मुळीच हरकत नाही. एकाच वेळी अनेक फळ्या एकावर एक ठेवून कापणे हेही काही पाप नव्हे. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या काळी आंद्रे-शार्ल बूल हा कारागीर कासवाची पाठ आणि पितळेचा पत्रा एकत्र कापून एकाचे भरीव आणि दुसऱ्याचे पोकळ एकमेकांत बसवीत असे, आणि एका कापातून दोन उलटसुलट नक्ष्या काढीत असे. याला काटकसरीतून जन्मलेले वैभव म्हणावे.

लेझरची गोष्ट निराळी आहे. तेथे किरण संगणकातील रेघेवरून धावतो. लाकूड स्थिर असते, हात दूर असतो. कड काटकोनात, गुळगुळीत आणि जळून तपकिरी झालेली मिळते. हातकरवतीचे वा स्क्रोलसॉचे टेबल दोनचार अंश कलते करता येते आणि कड तिरपी कापता येते. अशा तिरप्या कडेचा तुकडा मागून किंचित ढकलला की अडकून बसतो आणि सपाट फळीतून उठाव निर्माण होतो. बाजारातल्या साध्या लेझरला हा तिरपेपणा जमत नाही. म्हणून त्याची जाळी कितीही बारीक असली तरी कागदी कात्रणासारखी सपाट दिसते.

पण आमचा मुख्य आक्षेप कडेवर नाही, रेखाटनावर आहे. चतुर्थीच्या बाजारातील कोणतेही तयार मखर घ्या. मध्ये ॐ, तो वर्तुळाला दोन बारीक काड्यांनी टांगलेला. दोन्ही बाजूंस तेच मोर. खाली तेच कलश. आणि मोकळ्या जागेत कोठूनही आणलेली गोल गोल वेलबुट्टी. काड्या कोठे लावाव्यात हे आशयाने ठरलेले नाही, संगणकाने सोयीस्कर जागा पाहून ठरविलेले आहे. ॐकाराची चंद्रकोर तर कित्येकदा एका उभ्या दांडीवर, झाडाला फळ लागावे तशी, टेकविलेली असते. फळीने नकार दिला असता तर रेखाटणाऱ्याने विचार केला असता. येथे नकार देणारे कोणी उरलेलेच नाही.

न्याय करावयाचा तर हातकामालाही मोकळे सोडता येणार नाही. हाताने केलेले ते सुंदर, हा अलीकडे फोफावलेला भाबडेपणा आहे. चांगल्या सागात तासन्‌तास जाळी कापून तिच्यावर सोनेरी तैलरंगाचे दोन हात मारणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. रेषा पाहून मांडलेली नक्षी त्या रंगाखाली गेली, घरांचे कोपरे रंगाने बुजले, आणि शेवटी हाती आले ते एमडीएफच्या मखरासारखेच दिसणारे, फक्त दहापट महाग. दुसरा दोष दाटीचा. घरे जितकी जास्त तितकी मजुरी जास्त, या हिशेबाने फळी चाळणीसारखी केली जाते. मग डोळ्याला विसावा नाही आणि लाकडाला बळ नाही. मार्दोळच्या श्रीम्हाळसेच्या देवळातील कोरीव लाकूडकाम ज्यांनी निवांतपणे पाहिले आहे त्यांना भरीव जागेचे मोल वेगळे सांगावयास नको. ते कोरीव काम आहे, जाळीकाम नव्हे. पण कोठे हात थांबवावा हे तेथे शिकता येते.

आता देवळातील मखराकडे वळू. गोमंतकाबाहेरच्या वाचकांसाठी एवढे सांगतो की, आमच्याकडे नवरात्रात उत्सवमूर्ती सजविलेल्या मखरात बसते आणि कीर्तन व आरतीच्या वेळी वाद्यांच्या तालावर ते मखर झुलविले जाते. घरातील गणपतीचे मखर स्थिर उभे राहते, हे हालते. या एका गोष्टीने कलेचे सारे हिशेब बदलतात. प्रत्येक झोक्याबरोबर सांध्यांना हिसका बसतो. एमडीएफच्या कडेत मारलेला स्क्रू अशा हिसक्यांनी लवकरच ढिला होतो, कारण तेथे धरावयास तंतू नाहीत. आणि भाद्रपद-आश्विनातील आमच्या दमट हवेत ती फळी ओलावा पिऊन फुगली की खाचा बसेनाशा होतात. सागाच्या वा फणसाच्या चौकटीला कुसाचे सांधे असले तर ती हिसका सोसते. एवढे तर कोणताही सुतार सांगेल.

सौंदर्याचा मुद्दा याहून सूक्ष्म आहे. मखरामागे दिवे असतात. मखर झुलते तेव्हा जाळीतून येणारा उजेड भक्तांच्या अंगावरून, खांबांवरून, सभामंडपाच्या छतावरून फिरतो. म्हणजे येथे पाहावयाची जाळी एक नसून दोन आहेत : एक लाकडाची आणि दुसरी उजेडाची, आणि दुसरी हालती. फार बारीक घरांतून पडणारा प्रकाश दहा हातांवर गेला की एकमेकांत मिसळून नुसता धूसर पट्टा होतो; मोर नाही, वेल नाही. मध्यम आकाराची, स्पष्ट कडांची, मधूनमधून भरीव जागा सोडलेली जाळीच दूरवर आपली आकृती टिकवून ठेवते. जो कारागीर दुकानात बसून नक्षी निवडत नाही, एक दिवस देवळात येऊन दिवा कोठे, मखर किती झुलते, लोक कोठे बसतात हे पाहून जातो, त्यालाच हे सुचेल. नाजूकपणाचा निकष किती फसवा आहे हे येथे उघड होते : हातात घेऊन पाहिलेली सर्वांत नाजूक जाळी सभामंडपात सर्वांत निर्जीव ठरते.

किमतीची बाजू आम्ही नाकारीत नाही. मध्यम स्थितीच्या कुटुंबाने घडीचे मखर घेतले आणि दहा वर्षे जपून वापरले, तर थर्मोकोलच्या दहा महिरपींपेक्षा ते शतपट बरे. त्या कुटुंबाला दोष देणे हे आमच्या मते टीकाकाराचे काम नव्हे. देवस्थानाची गोष्ट वेगळी. त्याचे मखर पिढ्यांसाठी असते आणि त्याचा खर्च शेकडो महाजनांत वाटला जातो. तेथे सर्वांत कमी दराची निविदा हाच एकमेव नियम ठरला, तर ज्याच्याकडे छापील दरपत्रक नाही असा मेस्त स्पर्धेतून आपोआप बाहेर पडतो.

आणि तो बाहेर पडला तरी त्याची नक्षी मात्र आत येते. देवळात एक मखर उभे राहिले की त्याची छायाचित्रे निघतात. छायाचित्रावरून रेघ काढली जाते, आणि पुढच्या चतुर्थीला तीच वेल लेझरच्या तक्त्यावर. वकिली पेशामुळे या प्रश्नाशी आमचा थोडा संबंध येतो, म्हणून कायदा काय म्हणतो तेही सांगून ठेवतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रेखाटनाला आणि कलात्मक कारागिरीच्या वस्तूलाही संरक्षण आहे. परंतु त्याच कायद्याच्या १५ व्या कलमाने एक खुंटी मारून ठेवली आहे : जी नक्षी २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदविता आली असती पण नोंदविली नाही, ती मालकाने किंवा त्याच्या परवानगीने औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा अधिक वेळा वस्तूंवर उतरविली, की तिच्यावरील हक्क संपतो. म्हणजे मेस्ताने एकेक मखर हाताने केले तर त्याचा हक्क शाबूत. त्यानेच लोभाने तक्तेवाल्याला परवानगी दिली आणि पन्नासाचा आकडा ओलांडला, की गेला. नोंदणी करावयाची तर ती नक्षी लोकांपुढे येण्यापूर्वी केली पाहिजे; नवरात्र झाल्यावर अर्ज करून उपयोग नाही. नोंदणीचे संरक्षण दहा वर्षे, आणि मुदतवाढ घेतल्यास आणखी पाच.

मेस्त हे करील अशी अपेक्षा करणे व्यर्थ. देवस्थानाने त्याच्यासाठी करावे. मखराचा करार करताना नक्षीचे मूळ कागद कारागिराचे राहतील, नक्कल करण्यास देवस्थान कोणाला परवानगी देणार नाही, आणि दुरुस्तीसाठी पहिले बोलावणे त्याला जाईल, एवढी तीन वाक्ये लिहून घेणे कठीण नाही. मागील अंगाला रंग देऊ नये, म्हणजे पुढच्या पिढीतील दुरुस्ती करणाऱ्याला लाकडाची रेषा दिसेल. आणि तेथेच, चौकटीच्या खालच्या पट्टीवर, कारागिराचे नाव व शक कोरून घ्यावा.