परदेशात रुळण्याचा ‘यू’ आलेख

परदेशी शिकायला गेलात की ओरिएंटेशनमध्ये इंग्रजी ‘यू’सारखा आलेख दाखवतात: आधी नवलाई, मग उदासी, मग रुळणं. त्याचं मूळ म्हणजे स्वेरे लिसगार्ड यांचा १९५५ चा निबंध. अमेरिकेत राहून आलेले २०० नॉर्वेजियन फुलब्राइट अभ्यासक. सहा महिन्यांहून कमी आणि दीड वर्षाहून जास्त राहिलेले चांगले रुळलेले, मधले कमी.

पण थांबा, ही तिन्ही गटांतली माणसं वेगवेगळी! एकाच माणसाचा प्रवास इथे मोजलेलाच नाही. जास्त राहिलेले कदाचित मुळातच रमणारे असतील, नाही का? तरी आपण तो आलेख स्वतःचं वेळापत्रक म्हणून वाचतो.

जर्मनीतल्या पहिल्या हिवाळ्यात मला झोप येईना, तेव्हा खरं तर डॉक्टरकडे जायला हवं होतं. मी ‘यू’ वर चढायची वाट बघत मार्चपर्यंत थांबले.