धाराशिव जिल्ह्यातील वक्तृत्वपरंपरा : एका गृहीतकाची चिकित्सा

मराठी वक्तृत्वाचा इतिहास लिहिताना आपले अभ्यासक सामान्यतः मुंबई-पुण्यापासून आरंभ करतात. १८५७ मधील विष्णुबुवा ब्रह्मचारी यांचे मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावरील वाद, १८७५ मध्ये पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला आणि पुढे टिळक-गोखल्यांची व्याख्याने, हा क्रम आता रूढ झाला आहे. त्यात धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्याला स्थान नाही. याचे कारण तेथील वक्त्यांच्या उणिवेत शोधण्यापेक्षा राज्यव्यवस्थेत शोधणे अधिक सयुक्तिक होय.

१९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. ‘गश्ती निशाण ५३’ या हुकमाने सार्वजनिक सभांवर परवानगीचे बंधन घातले. हैदराबाद राजकीय परिषदेची अधिवेशने काकीनाडा, मुंबई, पुणे व अकोला येथे, म्हणजे संस्थानाच्या हद्दीबाहेर भरवावी लागली. महाराष्ट्र परिषदेचे १९३८ चे अधिवेशन लातूरला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, भरले. पण असे प्रसंग मोजकेच.

ही पोकळी कीर्तनाने भरून काढली, असे एक मत प्रचलित आहे. त्यात तथ्यांश निश्चित आहे. तेर हे गोरोबाकाकांचे आणि तुळजापूर हे भवानीचे क्षेत्र याच जिल्ह्यात असल्याने कीर्तनकार व गोंधळी यांची वाणी येथील श्रोत्यांच्या कानांवर पिढ्यान्‌पिढ्या पडत आली. ज्याला आज आपण व्यासपीठ म्हणतो तो शब्दही मुळात पुराणिकाच्या आसनाचाच आहे. नारदीय कीर्तनातील पूर्वरंगात सिद्धान्ताचे निरूपण आणि उत्तररंगात आख्यानाद्वारे त्याचे दृढीकरण, ही रचना कोणत्याही व्याख्यात्याने अभ्यासावी अशीच आहे.

तथापि हे मत दोन ठिकाणी अपुरे पडते. पहिली गोष्ट अशी की, धर्माच्या आश्रयाला असलेली वाणी सर्वस्वी मुक्त होती असे नाही. धर्मप्रचारावरील निर्बंधांविरुद्धच आर्य समाजाला १९३८-३९ मध्ये संस्थानात सत्याग्रह करावा लागला. दुसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. कीर्तनाचा श्रोता आधीच श्रद्धावान असतो. त्याची श्रद्धा जागवणे हे कीर्तनकाराचे कार्य. त्याचे मत पालटणे हे नव्हे. मनवळवणीच्या वक्तृत्वाची खरी कसोटी मात्र श्रोत्याला नको असलेला निर्णय त्याच्याकडून स्वेच्छेने घेववण्यात आहे.

या कसोटीवर १९४१ च्या फेब्रुवारीत कसबे तडवळे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत भरलेली महार-मांग वतनदार परिषद विशेष महत्त्वाची ठरते. हे गाव आज धाराशिव जिल्ह्यात आहे. वतन म्हणजे थोडी जमीन, बलुत्याचा हक्क आणि गावगाड्यातील एक पिढीजात जागा. पण त्याच्या मोबदल्यात अहोरात्र राबण्याचे बंधन. ज्याला श्रोता आपला हक्क समजतो तेच त्याच्या दास्याचे मूळ आहे, हे त्याला पटवून देणे सोपे नव्हे. येथे आख्यानाचा दृष्टान्त पुरा पडत नाही; हक्क व वेठ यांचा हिशेब श्रोत्यापुढे मांडावा लागतो. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. विधिमंडळातील सभासदांपुढे जो प्रश्न कलमांच्या भाषेत मांडता येतो, तोच वतनदारापुढे त्याच्या घरच्या अनुभवाच्या भाषेत मांडावा लागतो. शिवाय परस्परांपासून दुरावलेल्या दोन जातींना एका मांडवात आणणे हा स्वतःच एक युक्तिवाद होता. कनिष्ठ गाववतने कायद्याने रद्द होण्यास पुढे १९५८ साल उजाडले. यावरून त्या प्रश्नाची चिवटता ध्यानात यावी.

सारांश, या जिल्ह्याच्या वक्तृत्वाचा इतिहास केवळ छापील भाषणांवरून लिहिता येणार नाही, आणि कीर्तनाच्या गौरवानेही तो पूर्ण होणार नाही. कीर्तनाने येथील समाजाला ऐकण्याची शिस्त दिली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु वक्त्याची थोरवी ठरविताना, त्याने श्रोत्याला किती तल्लीन केले यापेक्षा त्याच्याकडून काय सोडण्याची अपेक्षा केली, हा प्रश्न अभ्यासकाने अगोदर विचारावा. तो विचारला, तर मुंबई-पुण्याच्या सभागृहांइतकाच तडवळ्याचा मांडवही मराठी वक्तृत्वाच्या इतिहासात हक्काने बसेल.