संगीतातील 'अक्षर' : एका रूढ कल्पनेची चिकित्सा

संगीत ही एक प्रकारची साक्षरता आहे, हे विधान शिक्षणविषयक लेखनात वारंवार आढळते. संगीत केवळ करमणुकीचे साधन नसून ती शिकून आत्मसात करावयाची अर्थव्यवस्था आहे, हा त्यातील आशय ग्राह्यच होय. परंतु साक्षरता म्हणजे लिपीचे ज्ञान, एवढाच अर्थ गृहीत धरल्यास ज्यांनी शतकानुशतके मराठी गाणे जतन केले, तेच निरक्षर ठरतात. म्हणून या विधानातील 'अक्षर' कोणते, हे प्रथम पाहिले पाहिजे.

छंदःशास्त्रात अक्षर हे कानाने मोजावयाचे एकक आहे. कागदावरील चिन्ह हा त्याचा नंतरचा अर्थ. या दोन्ही अर्थांचा एकत्र विचार करण्यास जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्याचे जांब हे गाव उपयुक्त ठरते. तेथे 1608 मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिल्या समासात लेखनक्रियेचे निरूपण केले आहे. अक्षराचे वळण आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखे असावे, इतका त्यांचा कटाक्ष आहे. त्याच ग्रंथाच्या चौदाव्या दशकात कवित्वकला आणि कीर्तनलक्षण असे दोन समास लागोपाठ येतात. लिहिलेले व गाइलेले अक्षर यांत रामदासांनी श्रेष्ठकनिष्ठभाव मानलेला दिसत नाही.

त्यांच्या मनाच्या श्लोकांचा प्रसार याच दृष्टीने अभ्यसनीय आहे. हे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. प्रत्येक चरणात बारा अक्षरे, आणि एक लघु व दोन गुरू अशा गणाची चार आवर्तने. घरातील वडील माणसांच्या तोंडून सायंकाळी ते ऐकणारे मूल लघु-गुरू या संज्ञा शिकण्यापूर्वीच एखादे अक्षर कमी पडल्यास अडखळते. ज्याने नियम ऐकला नाही त्याला नियमभंग कळतो, ही मातृभाषेच्या ज्ञानाची खूण होय. लिपीच्या ज्ञानाची नव्हे.

जात्यावरील ओवीत ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. दासबोधातील ओवीचे पहिले तीन चरण सयमक आणि चौथा बहुधा आखूड असतो. ती डोळ्यांनीही ओळखता येते. जात्यावरची ओवी मात्र छापली की अपुरी वाटते. गाताना ऱ्हस्व स्वर लांबतो, संबोधने मध्ये शिरतात, शब्दांची पुनरावृत्ती होते, आणि या सर्वांचे माप जात्याच्या फेऱ्यात असते. आईकडून किंवा सासूकडून घेतलेल्या चालीत बाई आपल्या भावाचे, लेकीचे, माहेराचे शब्द बसविते. हा व्यक्तिगत संबंध गाण्यावर चढविलेला भावनेचा मुलामा नव्हे. चाल ज्या माणसाकडून येते त्या माणसाबरोबरच तिचे व्याकरणही येते. निजामी राजवटीत मराठवाड्यात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. अशा प्रदेशात 1948 पूर्वी मराठीचे संस्कार शाळेइतकेच, किंबहुना अधिक, ओवी, श्लोक व कीर्तन यांनी केले असावेत, असे अनुमान करण्यास जागा आहे.

याचा अर्थ स्वरलिपी व्यर्थ आहे असा नाही. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी 1901 मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले. विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनी क्रमिक पुस्तक मालिकेतून शेकडो चिजा लिपिबद्ध केल्या. घराण्यांत कोंडलेली विद्या त्यामुळे सर्वांना खुली झाली, हे ऋण मोठे आहे. तथापि दरबारी कानड्याचा आंदोलित गंधार आणि भीमपलासीचा गंधार हे दोन्ही भातखंडे पद्धतीत कोमल गंधाराच्या एकाच चिन्हाने दाखविले जातात. दोहोंतील भेद चिन्हात नाही. तो वाचणाऱ्याच्या कानात असावा लागतो. मराठी लिपीतही हेच घडते. 'चंद्र' आणि 'चांदणे' यांतील 'च' लेखनात एकच, उच्चारात दोन. मराठी माणूस ते न चुकता वाचतो, कारण भाषा त्याला आधीच येते.

तात्पर्य, संगीताला साक्षरता म्हणताना क्रम उलटता कामा नये. प्रथम माणसाकडून माणसाकडे येणारे श्राव्य अक्षर, त्यानंतर त्याची खूण. केवळ खूण शिकविणारा अभ्यासक्रम परीक्षेस बसणारे विद्यार्थी निर्माण करील; ऐकणारे करील याची शाश्वती नाही. उलट, केवळ कानावर भिस्त ठेवल्यास शेवटच्या गाणाऱ्या बाईबरोबर तिची चालही जाईल. गिरणी आल्यापासून जाते थांबले आहे, म्हणून हा धोका काल्पनिक नाही.

लोकगीतांच्या संशोधकावर यातून एक जबाबदारी येते. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या नोंदविल्या गेल्या, आणि त्यांतील अनेकींचे ध्वनिमुद्रणही झाले. या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व पहिलीहून कमी नाही. जालना जिल्ह्यातील ओव्यांचे संकलन करू इच्छिणाऱ्याने शब्द उतरवून घेताना आवाज, लय आणि ती चाल गाणारीने कोणाकडून घेतली याची नोंद, ही तिन्ही सोबत ठेवावीत. एरवी वहीत शब्द राहतील, ओवी राहणार नाही.