आवाजावरचा विश्वास : प्रदीप भिडे यांच्या कारकिर्दीविषयी



7 जून 2022 रोजी प्रदीप भिडे गेले. त्यानंतर ज्यांच्याशी आमचं बोलणं झालं, त्यांतले बहुतेक जण एकच सांगत : भिडे वाचतायत म्हणजे खरंच असणार, असं वाटायचं. आज आम्हांला या एका वाक्याची चिकित्सा करायची आहे. वाक्य प्रेमाचं आहे. पण तपासलं नाही तर फसवंही आहे.

आधी वस्तुस्थिती बघू. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. स्मिता पाटील, अनंत भावे यांच्यासारखी माणसं तिथे मराठी बातम्या वाचत. भिडे याच परंपरेतले आणि तिथे सर्वांत दीर्घकाळ दिसलेल्यांपैकी एक. पुढे जाहिराती, माहितीपट, समारंभांचं निवेदन, सगळीकडे तो आवाज पोचला. बातमी मात्र लिहायचा वृत्तविभाग, निवेदक वाचायचा. कित्येक निवेदक तर कायम नोकरीतही नसत, वाचनापुरते यायचे.

आता आमच्या जुन्या विषयाकडे येऊ. न्यायदर्शन शब्दाला प्रमाण मानतं, पण कुणाच्याही शब्दाला नाही, आप्ताच्या शब्दाला. आप्त कोण? वात्स्यायन दोन गोष्टी मागतो : वस्तू स्वतः जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशी सांगण्याची इच्छा असावी. ऋषी, आर्य, म्लेच्छ, तिघांनाही हीच कसोटी. म्हणजे काय, तर कुळाचा प्रश्न नाही आणि आवाजाचा तर नाहीच नाही.

या कसोटीवर वृत्तनिवेदक उतरतो का? लातूरच्या भूकंपाची बातमी वाचणारा काही किल्लारीत उभा नसतो. त्याने जाणलेला असतो तो हातातला कागद. तेव्हा आपण ज्यावर विश्वास ठेवत होतो, ते ज्ञान भिडे यांचं नव्हतंच. ते एका सरकारी खात्याचं होतं. आणीबाणीत हेच दूरदर्शन सरकारला हवं तेवढंच सांगत होतं. उच्चार तेव्हाही शुद्धच होते की! प्रसार भारतीचा कायदा झाला 1990 मध्ये आणि अमलात यायला 1997 उजाडलं. शांत, सुसंस्कृत आवाजाने या उणिवेवर पांघरूण घातलं, हे मान्य करायलाच हवं.

मग भिडे यांचं श्रेय कशात? आमच्या मते ते संयमात आहे. स्पष्ट उच्चार, नेमका विराम, नावांची कदर हे तर झालंच. पण मुख्य म्हणजे बातमी आपली असल्याचा आव त्यांनी आणला नाही. दुःखाची बातमी गंभीरपणे वाचली, पण तिच्यावर स्वतःचं दुःख चढवलं नाही. वाचणारा आणि सांगणारा यांतलं अंतर त्यांनी राखलं. हा प्रामाणिकपणा लहान नव्हे.

2007-08 च्या सुमारास स्टार माझा, झी 24 तास, आयबीएन लोकमत आले आणि निवेदकाचा अँकर झाला. यात मोठा लाभ झाला, तो आम्ही नाकारणार नाही. मंत्र्याला समोर बसवून थेट प्रश्न विचारणं भिडे यांच्या चौकटीत शक्यच नव्हतं. पण हळूहळू तोच साक्षीदार, तोच वकील, तोच न्यायाधीश असंही होऊ लागलं. स्टुडिओतून न हलता त्याला सगळं ठाऊक! जुना निवेदक आप्त नव्हता, पण तसा दावाही करत नव्हता. नवा दावा करतो आणि पुरावा विचारला की आवाज चढवतो.

म्हणून जुने दिवस परत हवेत, असं आम्ही म्हणणार नाही. भिडे यांच्या आवाजाची आठवण जरूर ठेवावी. पण यापुढे पडद्यावर कुणीही काही सांगितलं, मग ते हळू सांगो की ओरडून, तर आपण एक साधा प्रश्न विचारावा : हे तुम्हांला कसं कळलं?

उत्तर मिळालं तर विश्वास ठेवावा. नाहीतर आवाज चांगला आहे म्हणावं आणि थांबावं.