बाबा वावरात : घरी वाचन शिकवणाऱ्या कार्यक्रमांची झडती

मागच्या पावसाळ्यात माझी साडेपाच वर्षांची लेक समुद्रपूरच्या आमच्या घरी ओसरीवर बसून मोबाइलसमोर एकच शब्द वाचत होती. शब्द होता 'पाणी'. मोबाइलवर वाचन शिकवणारं एक ॲप होतं. मूल मोठ्यानं वाचतं, ॲप ऐकतं, बरोबर असेल तर चांदणी देतं. लेक वाचत होती 'पानी'. चांदणी येत नव्हती. सहाव्या वेळी तिनं माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "मी तं पानीच म्हनलं, मंग चूक काऊन?"

आमच्याकडं पाण्याला पानीच म्हणतात. तिची आजी म्हणते, तिचे बाबा म्हणतात, पुण्यात सहा वर्षं काढून आलेली मीही घरात तेच म्हणते. मुलीनं अक्षरं ओळखली होती, शब्द जोडला होता, अर्थ तिला कळला होता. वाचन याहून वेगळं काय असतं? तरी यंत्राच्या लेखी ती नापास होती. त्या दिवशी तिनं मोबाइल उलटा ठेवला आणि पुढचे पंधरा दिवस 'वाचू या' म्हटलं की ती अंगणात पळायची.

त्या पंधरा दिवसांत मी घरातल्या वाचनसाहित्याकडं पालक म्हणून पाहणं थांबवून समीक्षक म्हणून पाहायला लागले. पुस्तकाची समीक्षा करताना आपण विचारतो, हे कोणासाठी लिहिलंय, कोणत्या वाचकाला गृहीत धरतंय. वाचन शिकवणारा कार्यक्रमही एक संहिताच असतो आणि त्यालाही एक मूल गृहीत धरावं लागतं. ते मूल कुठलं, एवढाच माझा प्रश्न होता.

तक्ता

आमच्या घरात तीन कार्यक्रम जमले होते. पहिला स्टेशनरीच्या दुकानातून आणलेला, भिंतीवर लावायचा मुळाक्षरांचा तक्ता. अ अननसाचा, ऐ ऐरणीचा, औ औताचा, ऋ ऋषीचा. अननस लेकीनं चित्रातच पाहिलेला. औत आजीनं ओळखलं, लेकीनं नाही. आमच्या वावरात ट्रॅक्टर फिरतो. तक्त्याची सगळी यंत्रणा 'शब्दाचा पहिला आवाज म्हणजे अक्षर' या एका कल्पनेवर उभी आहे आणि ती 'ण' आणि 'ळ'पाशी कोसळते. या अक्षरांनी सुरू होणारे शब्द मराठीत नाहीत, म्हणून तिथं 'ण बाणाचा' आणि 'ळ बाळाचा' असा नियम गुपचूप बदलतो. मोठ्यांच्या हे लक्षातही येत नाही. मुलाच्या येतं. आणि आमच्याकडं तर बाणाला बान आणि काळ्याला काया म्हणतात. म्हणजे नेमकी ही दोन अक्षरं या भागातल्या मुलाला कानानं सापडण्यासारखी नाहीत, ती डोळ्यांनीच शिकावी लागतात. तक्ता हे सांगत नाही, कारण तक्त्याच्या मनातलं मूल समुद्रपूरचं नाही.

तक्त्याच्या खालच्या भागात बाराखडी. तिच्यावर घोकंपट्टीचा आरोप नेहमी होतो, पण बाराखडी ही मुळात फार हुशार रचना आहे. चौतीस व्यंजनं आणि बारा रूपं म्हणजे चारशेहून जास्त चिन्हं. ती एकेक पाठ करायची तर वर्ष पुरणार नाही. बाराखडी सांगते की यातलं एकेक पाठ करायची गरज नाही. व्यंजन ओळखा, मात्रा ओळखा, बाकीचं आपोआप येईल. पण आपण ती आडवी म्हणतो, 'क का कि की कु कू', आणि चालीत म्हणतो. चाल पाठ होते, मात्रा सुटते. तीच बाराखडी उभी वाचली, 'का खा गा घा', तर काना नावाची वस्तू मुलाला वेगळी दिसते. मी हे करून पाहिलं. ज्या लेकीला 'कि' आणि 'की' गाण्यात यायचं, पण पुस्तकात 'मी' दिसला की अडायचं, तिला उभ्या रांगेनं चार दिवसांत काना आणि दुसरी वेलांटी सापडली.

पहिली वेलांटी मात्र तरीही छळते. उच्चार व्यंजनानंतर, चिन्ह व्यंजनाच्या आधी. हे मुलांना नडतं तसं मोठ्या माणसांनाही खटकलेलं आहे. सावरकर, काका कालेलकर यांच्यासारख्यांनी पुरस्कारलेली 'अ'ची बाराखडी, म्हणजे 'अि, अी, अु' असं लेखन, आमच्याच वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या जुन्या पुस्तकांत दिसतं. निदान स्वरांची वेगळी चिन्हं तरी कमी व्हावीत, हा त्यामागचा एक हेतू. ती टिकली नाही. उलट ॲ आणि ऑ धरून आता स्वर चौदा झाले आहेत.

पेटी

दुसरा कार्यक्रम म्हणजे इंग्रजी फोनिक्सची पेटी, किंमत चार आकडी. लेक इंग्रजी माध्यमात जाते. गाडी सकाळी येते आणि तिला घेऊन जाते. शाळेतल्या पालकसभेत 'घरी फोनिक्स घ्या' असं सांगितल्यावर गावात दोन-तीन घरी पेट्या आल्या, त्यात आमचंही घर.

फोनिक्सची थट्टा करणं सोपं आहे, पण ती मी करणार नाही. इंग्रजीचं स्पेलिंग इतकं बेभरवशाचं आहे की आवाज आणि अक्षर यांची जोडी पद्धतशीर शिकवण्याला तिथं पर्याय नाही. १९५५ साली रुडॉल्फ फ्लेश यांनी 'व्हाय जॉनी कान्ट रीड' लिहून अमेरिकेत हा वाद पेटवला आणि २००० साली तिथल्या नॅशनल रीडिंग पॅनलनं पद्धतशीर फोनिक्सच्या बाजूनं कौल दिला. चित्र बघून शब्दाचा अंदाज करायला शिकवणं म्हणजे वाचन नव्हे, हे आता तिथं बऱ्यापैकी मान्य झालेलं आहे. युरोपातल्या तेरा भाषांमधल्या मुलांची तुलना करणाऱ्या २००३ सालच्या प्रसिद्ध अभ्यासात इंग्रजी मुलांना पायाभूत वाचन यायला इतर बहुतेक भाषांमधल्या मुलांच्या दुपटीहून अधिक वेळ लागतो असं दिसलं होतं.

पण हे औषध इंग्रजीच्या आजारावरचं आहे. मराठीचा आजार वेगळा. मराठीत आवाज आणि अक्षर बहुतेक ठिकाणी जुळतात. अडचण आहे ती चिन्हांच्या संख्येची, मात्रांच्या जागेची, जोडाक्षरांची आणि रफाराची. सोनाली नाग यांनी कन्नड वाचणाऱ्या मुलांचा अभ्यास करून दाखवलंय की आपल्या लिप्यांमध्ये अक्षरांचा सगळा संच हाताखाली यायला प्राथमिक शाळेची कित्येक वर्षं जातात. शिवाय मराठीच्या स्वतःच्या गुप्त गाठी आहेत. 'चमचा' आणि 'चहा' यांतला च एक नाही. 'जग' आणि 'जहाज' म्हणताना जीभ एकाच जागी लागते, पण 'जीव' म्हणताना सरकते. 'कमळ' लिहिताना तीन पूर्ण अक्षरं, बोलताना शेवटचा अ गायब. पेटीत यातलं काहीच नसणार, आणि त्याबद्दल पेटीला दोष देता येत नाही. दोष आमचा, की इंग्रजी वाचनाचा तोडगा म्हणजेच वाचनाचा तोडगा असं आम्ही धरून चाललो.

पेटीतली एक गोष्ट मात्र मी उचलली. फोनिक्समध्ये ए-बी-सी-डी या क्रमानं जात नाहीत. आधी एस, ए, टी, आय, पी, एन अशी पाच-सहा अक्षरं देतात, म्हणजे पहिल्याच आठवड्यात मूल 'पिन', 'टिन' असे खरे शब्द वाचतं. वर्णमालेचा क्रम हा कोशासाठी आहे, मुलासाठी नाही.

गमभन ते फलटण

ही कल्पना आपल्याला परकी नाही. मराठीत एखाद्या विषयाचं अगदी प्राथमिक ज्ञान म्हणजे त्याचं 'गमभन'. क-ख-ग-घ नव्हे. ग, म, भ, न ही अक्षरं वळणानं सारखी, हाताला सोपी, म्हणून आधी. त्यांना काना दिला की मामा, नाग, मान, भाग हे शब्द लगेच तयार. जुन्या पंतोजींच्या छडीबद्दल आपण खूप बोललो. त्यांच्या या शहाणपणाबद्दल फारसं बोललो नाही.

याच दिशेनं मराठीत पुढं झालेलं मोलाचं काम फलटणचं आहे. भाषाशास्त्रज्ञ मॅक्सिन बर्नसन अमेरिकेतून आल्या आणि फलटणच्याच झाल्या. शाळेत न टिकलेल्या दलित मुलांसाठीच्या वर्गांतून त्यांचं काम उभं राहिलं, त्यातून प्रगत शिक्षण संस्था आणि पुढं कमला निंबकर बालभवन. त्यांच्या पद्धतीत सगळी मुळाक्षरं संपेपर्यंत मात्रा थांबत नाहीत. थोडी अक्षरं आणि एखाद-दोन मात्रा यांचा गट एकत्र येतो आणि त्यातून अर्थ असलेले शब्द, वाक्यं पहिल्यापासून वाचता येतात. याचं महत्त्व काय, ते २०१७ साली आलेल्या भारतीय भाषांमधल्या साक्षरतेवरच्या मोठ्या अभ्यासातून कळतं. तो पालघरच्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये झाला होता. अक्षरांच्या आणि मात्रांच्या घोकंपट्टीत मुलांची सुरुवातीची वर्षं जातात आणि अर्थापर्यंत पोचणं राहूनच जातं, हे चित्र त्यातून दिसलं.

वर्धा जिल्ह्यात राहून गांधीजींना टाळून पुढं जाता येत नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन समिती नेमली गेली. नई तालीमचा उगम तो. मुलाला लहानपणीच अक्षरांना जुंपणं त्याच्या बुद्धीच्या वाढीला मारक आहे, आधी हात, डोळे, गोष्ट, चित्र आणि मग अक्षर, अशी गांधीजींची भूमिका होती. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणात वेगळ्या वाटेनं याच्या जवळपास जाणारं काही केलं. गिजुभाईंच्या १९३२ सालच्या 'दिवास्वप्न'मधला शिक्षक वर्गात गेल्यावर आधी गोष्ट सांगतो.

या विचारापुढं मान झुकते, पण एक शंका उरते. थांबणं कोणाला परवडतं? ज्या घरात कपाटभर पुस्तकं आहेत तिथं मूल सातव्या वर्षी वाचायला लागलं तरी काही बिघडत नाही. ज्या घरातली पहिलीच पिढी शाळेत जातेय, तिथं 'होईल हळूहळू' याचा अर्थ पुष्कळदा 'होणारच नाही' असा निघतो. बोलणं ऐकून येतं, वाचन तसं आपोआप येत नाही. कुणीतरी बसून शिकवावंच लागतं. बर्नसन यांची पद्धत मला म्हणून जास्त जवळची वाटते. ती अक्षर लांबणीवर टाकत नाही आणि अर्थही लांबणीवर टाकत नाही.

पाच अक्षरं

पंधरा दिवसांनी मी ॲप काढून टाकलं, पेटी कपाटावर ठेवली आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पाच अक्षरं लिहिली : क, त, ब, र, व. सोबत एकच मात्रा, काना. हे शब्द मी लेकीच्या तोंडातूनच वेचले होते. वारा, तारा, रात, वात, ताक, बारा, काका, बाबा, वावर. रोज पंधरा मिनिटं, संध्याकाळी दिवा लावल्यावर.

नवव्या दिवशी मी दोन शब्द शेजारी ठेवले. तिनं बोट ठेवून वाचलं, "बा-बा वा-व-रा-त." मग थांबली. मग पूर्ण म्हणाली, "बाबा वावरात." आणि दाराकडं बघत, "हो ना, बाबा वावरातच तं हायेत, आले नाई अजून." कपाशीला फवारणी चालू होती, बाबा खरंच वावरात होते. कागदावरचं वाक्य आणि घरातली संध्याकाळ एकच झाली होती. चांदणी कुणी दिली नाही, तिनं मागितलीही नाही.

एका मुलीवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मला कळतं. शिवाय माझ्या पद्धतीची मर्यादा तिसऱ्याच महिन्यात दिसली. 'वावर' वाचणाऱ्या मुलीला उद्या 'शेत' वाचायचं आहे, 'पानी' म्हणणाऱ्या मुलीला 'पाणी' लिहायचं आहे. यावर आमच्या घरात वादही झाला. तिचे आजोबा म्हणाले, "आतापासूनच शुद्ध बोलायला लाव, पुढं पोट्टे हासतील." त्यांची भीती खोटी नाही, ते स्वतः कचेऱ्यांत हसू झेललेले आहेत. आम्ही तोडगा काढला तो असा : लिहिलेलं 'पाणी' तिनं 'पानी' असं वाचलं तर टोकायचं नाही, लिहिताना ण लिहायचा, तो 'लिहायचा ण' म्हणून डोळ्यांनी शिकायचा. पुण्याचं मूल तरी 'ष' आणि 'श' कानानं कुठं वेगळे करतं? तेही डोळ्यांनीच शिकतं. मग त्याला जी सवलत मिळते ती समुद्रपूरच्या मुलाला का नको?

खरी पंचाईत पुढची आहे. अक्षरं आली, आता वाचायचं काय? या प्रश्नाचं उत्तर तक्ता, पेटी किंवा ॲप यांपैकी कुणाकडंच नव्हतं. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर'सारखी पुस्तकं आम्ही नागपूरहून आणली. घरातली माणसं, घरातलं बोलणं, मोठा ठसा, अंगठ्याएवढाही उपदेश नाही. लेकीनं ती इतक्यांदा वाचली की पानं सुटली. बालभारतीचा 'किशोर' अजून तिला जड जातो, पण आजी वाचून दाखवते. आजी चौथीपर्यंत शिकलेली, पोथीच्या चालीतच वाचते. लेक शेजारी बसून बोटानं ओळ धरते, आणि आजी चुकली की म्हणते, "आजी, थे 'ळ' हाये." आजी म्हणते, "मी तेच तं म्हनलं." आणि दोघी पुढं वाचतात.

घरी वाचन शिकवायला कार्यक्रम निवडणाऱ्या आईबापांना माझं एवढंच सांगणं : पहिल्या महिन्यात मूल खरा शब्द वाचेल का, ते आधी बघा. तो शब्द त्याच्या घरातला आहे का, ते बघा. चुकल्यावर कार्यक्रम काय करतो, ते मुलाच्या चेहऱ्यावर बघा. आणि तो संपल्यावर घरात वाचायला काय उरेल, याचा हिशोब पेटीची किंमत देण्याआधी करा. आमच्या पेटीच्या पैशांत मुलांची कितीतरी पुस्तकं आली असती. ती पेटी अजून कपाटावरच आहे. लग्नपत्रिका मात्र संपत आल्यात, आणि या हंगामात गावात लग्नं बरीच आहेत.