केसपेपरातली इजा

रुग्णालयात माणूस बरा व्हायला जातो. तिथे उपचारांमुळेच त्याला इजा होण्याचे प्रमाण किती, हे मोजण्याची एक रुळलेली पद्धत आहे: केसपेपर उघडून वाचणे. या वाचनातून निघालेले आकडे जगभर उद्धृत होतात. वाचन कसे झाले, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

न्यू यॉर्क राज्यातील ५१ रुग्णालयांचे १९८४ सालचे तीस हजारांहून अधिक केसपेपर हार्वर्डच्या अभ्यासकांनी तपासले. निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी परिचारिका आणि नोंदी सांभाळणारे कर्मचारी १८ निकषांवर कागद चाळत. त्यातून वेगळे काढलेले कागद दोन डॉक्टर स्वतंत्रपणे वाचत. इजा आजाराने नव्हे तर उपचाराने झालेली हवी, आणि तिच्यामुळे मुक्काम लांबलेला किंवा घरी जाताना अपंगत्व उरलेले हवे. उत्तर आले ३.७ टक्के. त्यांपैकी सुमारे २८ टक्के घटनांत निष्काळजीपणा आढळला.

१९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑस्ट्रेलियातील २८ रुग्णालयांच्या चौदा हजारांवर नोंदी जवळपास याच रीतीने वाचल्या गेल्या. आकडा आला १६.६ टक्के! तिथले डॉक्टर चौपट बेफिकीर होते, असा याचा अर्थ नाही. अमेरिकी अभ्यासामागे नुकसानभरपाईच्या दाव्यांचा प्रश्न होता. ऑस्ट्रेलियन वाचक सुधारणेसाठी काय टाळता आले असते हे शोधत होते. पुढे ऑस्ट्रेलियाच्या नोंदी अमेरिकेतील युटा-कोलोरॅडोच्या अभ्यासाशी ताडून पाहिल्या, तेव्हा मृत्यू आणि गंभीर अपंगत्वाचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखे निघाले. मोठी तफावत होती ती किरकोळ इजांत. दावा लढवणारा जे सोडून देतो, ते सुधारणा करू पाहणाऱ्याला दिसते.

तरीही १९९९ च्या ‘टू एर इज ह्यूमन’ या अहवालाने अशाच दोन वाचनांवरून साऱ्या अमेरिकेचा हिशेब मांडला: वैद्यकीय चुकांमुळे वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार मृत्यू. खालचा आकडा युटा-कोलोरॅडोचा, वरचा न्यू यॉर्कचा. या आकड्यांनी झोप उडवली, हे त्यांचे श्रेय. पण ‘हा मृत्यू टळला असता का?’ या प्रश्नावर एकच कागद वाचणारे दोन डॉक्टर अनेकदा असहमत होतात, ही अडचण आकड्यांच्या गजरात बुडाली.

म्हणून पद्धतच टाकून द्यावी का? मुळीच नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतील तीन रुग्णालयांचे ७९५ केसपेपर ठरावीक खुणांच्या आधारे वाचले गेले. मॉर्फिनचा अंमल उतरवणारे औषध द्यावे लागले का, रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले का, अशा त्या खुणा. या वाचनात ३५४ घटना सापडल्या. कर्मचाऱ्यांनी आपणहून कळवलेल्या किती? चार. कबुलीवर विसंबण्यापेक्षा कागद वाचणे केव्हाही बरे, हे यातून सिद्ध होते.

माझा आक्षेप वेगळा आहे. केसपेपर लिहितो कोण? ज्यांच्या हातून इजा घडण्याची शक्यता असते, तेच. न लिहिलेली इजा कितीही कुशल वाचकाला सापडणार नाही. व्यवस्थित नोंदी ठेवणारे रुग्णालय या मोजणीत वाईट दिसू शकते आणि ढिसाळ नोंदींचे रुग्णालय निष्कलंक. शिवाय या साऱ्या कागदांत रुग्ण हा केवळ विषय असतो, लेखक कधीच नसतो. रात्रभर घंटी वाजवूनही कुणी आले नाही, हे कुठल्या रकान्यात लिहायचे?

हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. मागणी केल्यास ७२ तासांत नोंदींच्या प्रती मिळण्याचा हक्क भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी रुग्णाला दिला. हा कागद वाचण्याचा हक्क झाला. त्यात आपले म्हणणे लिहिण्याचा नव्हे. मोजणी खरी व्हायची असेल, तर तपासणाऱ्याने केसपेपर मिटल्यावर रुग्णाला आणि त्याच्या उशाशी बसलेल्या नातेवाइकालाही विचारले पाहिजे. तोवर टक्केवारी वाचताना एवढे ध्यानात ठेवावे: ती झालेल्या इजेची नाही, लिहिल्या गेलेल्या इजेची आहे.